खांब अधिक एक

तुळशीदास भोये गुरुजी मूळचे दाभोशाचे. शाळेत असताना त्यांना गणिताची धास्ती होती. पुस्तकात दोन नळ एक हौद भरत असायचे आणि तिसरा नळ तो रिकामा करत असायचा. गावात तेव्हा नळ नव्हता, हौद तर कुणी पाहिलाच नव्हता. भरायचा हौद रिकामा कशाला करायचा, असं त्यांनी एकदा विचारलं आणि छडी खाल्ली. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर त्यांनी मनाशी एक ठरवून टाकलं. आपल्या वर्गातलं गणित पोरांनी पाहिलेल्या गोष्टींचंच असेल.

ते त्यांनी खरं केलं. मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पुढे, ओहोळापलीकडच्या एका पाड्यावर सातवीपर्यंतची शाळा आहे. दोन शिक्षक, बेचाळीस मुलं. खालचे वर्ग एक बाई सांभाळायच्या, पाचवी ते सातवी गुरुजींकडे. अपूर्णांक ते भाकरीवर शिकवायचे. नागलीची भाकरी खरोखर मोडायची आणि शेवटी खायची. आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या मोजून गुणाकार. कोंबड्यांच्या खुराड्यावर क्षेत्रफळ. गणिताच्या तासाला पोरं पळून जात नाहीत, उलट दुसऱ्या वर्गातली दारात येऊन उभी राहतात, हे पाहून त्यांना फार बरं वाटायचं. खरं सांगायचं तर थोडा गर्वही वाटायचा.

गुरुजी जव्हारला राहायचे. त्यांची बायको प्रतिभा तिथेच एका कचेरीत कारकून. रोज सकाळी ते मोटरसायकलने निघायचे, रस्त्याकडेला पुंजा नावाच्या ओळखीच्या माणसाचं घर होतं, त्याच्या अंगणात गाडी लावायचे आणि ओहोळ पायी ओलांडून शाळेत जायचे. पावसाळ्यात पाणी चढलं की शाळा त्या बाजूला आणि गुरुजी ह्या बाजूला. याच ओहोळावरून त्यांना समीकरणाचा धडा सुचला.

जूनमध्ये त्यांनी मुलांकडून काठावरच्या खडकाच्या खाचेत एक लोखंडी पाइप रोवून घेतला आणि त्यावर वितीवितीने खुणा करून घेतल्या. पाणी या खांबावर किती वीत आहे आणि त्याच वेळी वाटेच्या मधोमध किती, हे पाऊस उघडलेल्या दिवसांत पोरांनी दोरी धरून मोजलं. दोन आठवड्यांचे आकडे भिंतीवरच्या तक्त्यात भरले. मग गुरुजी गप्प बसले. ही त्यांची पद्धतच होती. आपण सांगायचं नाही, पोरांना सापडू द्यायचं.

तीन दिवसांनी सातवीतली ममता उठली. सडपातळ, कमी बोलणारी मुलगी. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "गुरजी, खांबावर जेवढी वीत, त्यापेक्षा मधी एक जास्ती. दर येळेला."

"मग लिही की."

तिने भिंतीवर खडूने लिहिलं : मधली खोली = खांब + १.

गुरुजींनी त्या वाक्याचा फोटो काढला. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे त्यांनी नंतर प्रतिभाला सांगितलं.

मुलांनी पुढचं आपणच ठरवलं. खांबावर एक वीत, म्हणजे मध्ये दोन, म्हणजे गुडघा. खुशाल जा. खांबावर दोन, म्हणजे मध्ये तीन, म्हणजे मांडी. जायचं नाही. दोनच्या खुणेवर त्यांनी लाल पट्टा ओढला. रोज सकाळी ममता खांब वाचायची आणि पाड्यावर ओरडून सांगायची. आधी माणसं हसली. मग विचारू लागली. श्रावण संपेपर्यंत ममताचा आकडा ऐकल्याशिवाय कुणी ओहोळात पाय घालत नव्हतं. पोरांनी याचा मोबाइलवर व्हिडिओ केला, तो शिक्षकांच्या गटांतून फिरला आणि आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत गुरुजींना शाल मिळाली.

भाद्रपदात एका बुधवारी जोराचा पूर आला. ओहोळ दोन्ही काठ सोडून भातात शिरला. गुरुवारी आणि शुक्रवारी शाळा भरली नाही. शनिवारी सकाळी गुरुजी आले तेव्हा पाणी उतरलं होतं. खांब जागेवर उभा होता आणि पाणी एका वितीवर होतं. खालच्या वर्गांच्या बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या, त्यामुळे ते एकटेच होते. पँट दुमडून ते नेहमीच्या वाटेने निघाले.

मध्यावर त्यांचा पाय एकदम खाली गेला. पाणी मांडीच्या वर, जवळजवळ कमरेला लागलं. पिशवी डोक्यावर धरून ते कसेबसे पलीकडे पोचले आणि काठावर उभं राहून मागे पाहू लागले. खांब एकच दाखवत होता. त्यांच्या लक्षात आलं, पुराने वाटेवरचे दगडगोटे वाहून नेले होते. खांब होता तिथेच होता. तळ खाली गेला होता. आता खांब अधिक एक नव्हे. अधिक तीन असावं.

आणि ते खूश झाले. ही गोष्ट कुणाला सांगताना ते इथे नेहमी थांबतात, कारण पुढच्या सगळ्यापेक्षा त्यांना हेच जास्त बोचतं. आपण भ्यायला हवं होतं आणि आपण खूश झालो. किती सुंदर प्रश्न हातात आला होता! सूत्र तेच, खांब तोच, मग उत्तर का चुकलं? पोरं डोकं खाजवतील, भांडतील, दोरी घेऊन पळतील. समीकरणातला तो 'एक' कुठून आला होता, हे त्यांना आयुष्यभर विसरता येणार नाही.

त्या दिवशी वर्गात सातच मुलं होती. बाकीची भातात, आडवं झालेलं पीक उभं करायला. ममता आली होती. गुरुजींच्या ओठांवर दोनदा आलं होतं. पण सात मुलांत हा धडा वाया जाईल असं त्यांना वाटलं. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी सगळे या. खांबाची एक गंमत दाखवतो."

"कसली गंमत?" ममताने विचारलं.

"सोमवारी."

दुपारी परतताना ते वरच्या अंगाने, खडकांवरून, जपून उतरले. पाडा मागे दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

रविवारी ते घरी पुढच्या खोलीत बसून एका दोरीला वितीवितीने गाठी मारत होते. सोमवारी तळ मोजायला. साडेअकराच्या सुमारास पुंजाचा फोन आला.

ममताची आई रामी काकड्यांची पाटी घेऊन रस्त्याला निघाली होती. त्या दिवसांत रस्त्याकडेला बसून काकड्या विकणाऱ्या बायका असतात, तशीच ती जायची. जाताना तिने लेकीला विचारलं होतं. ममताने खांब वाचला, "एक. म्हणजे मधी दोन. गुडघा. जाय तू." रामीचे दोन्ही हात डोक्यावरच्या पाटीला. मध्यावर ती कोसळली, पाण्याने तिला तीस-चाळीस पावलं खाली नेलं आणि तिचा पाय दोन खडकांत अडकला. पाय अडकला म्हणून ती वाचली आणि अडकला म्हणूनच मांडीचं हाड मोडलं. नवरा सोम्या आणि आणखी दोघांनी तिला रस्त्याच्या बाजूला ओढून काढलं. पुंजाने जीप थांबवली होती.

गुरुजी जव्हारच्या दवाखान्यात जीपच्या आधी पोचले. रामीला आत नेलं तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मागून सोम्या आला आणि त्याच्या मागे ममता. तिचा झगा छातीपर्यंत ओला होता. तीही पाण्यात उतरली होती.

सोम्या गुरुजींना म्हणाला, "पोयरीनं आकडा चुकवला, गुरजी. दोन असंल, एक सांगला."

ममता खाली पाहत उभी होती. तिने मान वर केली नाही.

गुरुजी म्हणाले, "होतं असं. लहान आहे ती."

हेच शब्द. ते उच्चारताना आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं, असं ते सांगतात. पण सोम्याचे डोळे लाल होते, आतून रामीचं ओरडणं ऐकू येत होतं आणि तोंडातून दुसरं काही निघेना. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी नाशिकला हलवायचं निघालं. ते रुग्णवाहिकेत बसून सोबत गेले. रक्त दिलं. मांडीत सळई घालेपर्यंत दोन दिवस तिथल्या बाकावर काढले, सोम्याला जेवू घातलं, कागदांवर सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. सोम्या प्रत्येकाला सांगत होता, "आमचा गुरजी देवमाणूस." पाड्यावरही तेच. शाळेतल्या बाईंनी गटात लिहिलं, सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. फोन त्यांनी पिशवीत पालथा ठेवून दिला.

शाळेत परतले तेव्हा भिंत पुसलेली होती. तक्ता होता, पण 'मधली खोली' असं लिहिलेल्या जागी ओला, पांढुरका डाग. ममता येत नव्हती. तिची मैत्रीण रुपी म्हणाली, "ती आथा आकडाच बोलत नाय, गुरजी. मामीनं विचारलं कोंबडीनं किती अंडी दिली, तं नुसती अंडी पुढं ठेवली."

गुरुजींनी मान हलवली आणि फळ्यावर दशांश अपूर्णांक लिहायला लागले. त्या दिवशी त्यांनी सरळ पुस्तकातून शिकवलं.  पाइप अजून ओहोळाच्या काठावर उभा होता आणि येता-जाता ते त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. वाटेत खड्डा आहे, खांब आता मानू नका, असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी नाशिकहून पुंजाला फोन करून पाड्यावर कळवलं होतं. पण ते कसं? आत्ताच कळल्यासारखं, आणि ममताचा आकडा बरोबर होता हे न सांगता.

असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी सकाळी प्रतिभा डबा भरत होती. ते मोजे हातात घेऊन बसून राहिले होते.

"निघायचं नाही का?"

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

त्यांनी सांगितलं. शनिवार सकाळपासून सगळं. प्रतिभाने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "मग त्या पोरीचा आकडा बरोबर होता?"

"बरोबर होता."

"आणि तुम्ही एकोणीस दिवस..." तिने डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही रक्त दिलंत, ते चांगलंच केलंत. पण ते रामीला दिलंत. त्या पोरीच्या डोक्यावर काय ठेवून आलात? आज शाळेत जाऊ नका. आधी तिच्या घरी जा."

रामी खाटेवर होती. पाय उशीवर. सोम्या दारात बसून टोपलीसाठी बांबूच्या कांबट्या काढत होता. गुरुजींना पाहून उठला, पाणी आणायला सांगू लागला. ममता चुलीशी होती. गुरुजी म्हणाले, "पाणी नको. बसा सगळे. ममता, तूही ये."

ते जमिनीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. शिक्षकाची प्रमाण मराठी वाक्यं त्यांना सुचेनात. दाभोशाच्या घरच्या बोलीत सुरुवात केली, मध्येच शाळेच्या भाषेत गेले, पुन्हा परतले. शनिवारी मी पाण्यात उतरलो. कमरेला लागलं. खांबावर एकच होतं. तळ गेलाय हे मला कळलं. मी कुणाला बोललो नाही.

कांबटी काढणं थांबलं होतं.

ममताने पहिल्यांदा तोंड उघडलं. "खांबावर एकच होता ना?"

"एकच होता. तू बरोबर वाचलंस."

"शनवारी पण एक नी रविवारी पण एक?"

"हो."

"मंग तू शनवारी का नाय बोलला?"

या पाड्यावर लहान-मोठं कुणीही गुरुजींना अरे-तुरेच करतं. तशी बोलीच आहे. पण त्या दिवशी तो 'तू' त्यांना वेगळा लागला. ते म्हणाले, "तुम्ही स्वतः शोधून काढावं, असं वाटलं. सोमवारी. धडा म्हणून."

तिने काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं. समजून घ्यायचा प्रयत्न करत असावी. भिंतीवरचं गणित सोडवताना ती जशी पाहायची, तशीच. मग उठली आणि परसात निघून गेली.

सोम्या उठला. त्याने गुरुजींची छत्री आणि पिशवी उचलली, अंगणात नेऊन नीट ठेवली आणि परत येऊन दारात उभा राहिला. "जाय, गुरजी."

गुरुजी उठले. तेव्हा खाटेवरून रामी बोलली. आवाज बारीक होता, पण राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"आम्ही आधी काठी घेऊन जायचू. पाऊल टाकायच्या आधी काठी टाकायची. माझी आई तशीच जायची, मीबी तशीच. तुझा खांब आला, मंग म्हटलं काठी कशाला? दोन हात मोकळे होतील, पाटी मोठी घेता येल." तिने उशीवरचा पाय नीट केला. "खांब बेस होता, गुरजी. तू फक्त हाक मारायची होतीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच सगळं वर्गात सांगितलं, पाचवी ते सातवीला एकत्र बसवून.  मधल्या सुट्टीत पाड्यावरचे तिघे आले, पाइप हलवून हलवून खाचेतून काढला आणि घेऊन गेले. कुणाच्या तरी गोठ्याला लागला म्हणतात.

दिवाळीनंतर जिल्ह्याच्या एका कार्यशाळेतून बोलावणं आलं. व्हिडिओ तिथेही पोचला होता. 'परिसरातून गणित' या विषयावर बोला, म्हणाले. नाही म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण गेले आणि उभं राहून शेवटापर्यंत सगळं सांगितलं. शनिवार, 'सोमवारी गंमत दाखवतो', 'होतं असं', सगळं.  अध्यक्षांनी घसा साफ करून आभार मानले. मग मागच्या रांगेतल्या एका शिक्षकाने हात वर केला आणि विचारलं, नोंदीच्या तक्त्याचा नमुना मिळेल का. गुरुजींनी तो दिला. शाप नाही, शिक्षा नाही, कुणी साधं रागावलंही नाही. येताना बसमध्ये त्यांना भडभडून आलं, तेही याच कारणाने.

ममता त्याच सुमाराला शाळेत यायला लागली. रुपीने ओढून आणलं म्हणे. पण ती बदललेली होती. गुरुजींनी कुठलंही उदाहरण घातलं की पेन्सिल उचलायच्या आधी ती विचारायची, "याचं उत्तर तुला ठाव हाय का, गुरजी?"

"आहे."

"कुणाला लागंल असं काय हाय का त्यात?"

वर्गातली मुलं हसायची. ती हसत नसे, गुरुजीही नाही. "नाही," ते सांगायचे, "यात कुणाला लागणार नाही." मग ती सोडवायची. बरोबर सोडवायची. वर्ष संपेपर्यंत हे असंच चाललं. पुढे ती जव्हारच्या वसतिगृहात राहून आठवीला गेली. तिथल्या गणिताच्या शिक्षकालाही ती हेच विचारते की नाही, हे विचारायचं धाडस गुरुजींना अजून झालेलं नाही.

बदलीचा अर्ज करण्याची त्यांची पाळी त्या उन्हाळ्यात आली होती. प्रतिभाने फॉर्म काढून ठेवला. जव्हारजवळची शाळा मिळाली असती. त्यांनी तो भरला नाही. कारण विचारलं तर नीट सांगता येत नाही. पळून गेलो असं वाटेल म्हणून, की रोज ते पाणी ओलांडणं हीच आपली शिक्षा आहे असं वाटतं म्हणून, की पाड्यावरच्या माणसांची सवय झाली म्हणून. शिकवतात अजून तसंच, भाकरी मोडून, जुड्या मोजून. फक्त मुलं उत्तर शोधत असताना गप्प बसून मजा पाहणं आता त्यांना जमत नाही. ते लवकर सांगून टाकतात. धडे पूर्वीइतके रंगत नाहीत, हे त्यांना कळतं.

रामीचा पाय दीड-दोन बोटं आखूड राहिला. ती चालते, स्वयंपाक करते, पण वाकून आवणी, म्हणजे भाताची लावणी, करणं तिला होत नाही. पुढच्या आषाढात ती बांधावर छत्री घेऊन बसली होती आणि सोम्या एकटा चिखलात होता. गुरुजींनी ते शनिवारी शाळेतून पाहिलं. रविवारी ते जव्हारहून आले, पँट दुमडली आणि न विचारता खाचरात उतरले. सोम्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तेव्हापासून आवणीचे सगळे रविवार ते येतात. सोम्या त्यांच्याशी अजून बोलत नाही. आवणाची जुडी मात्र त्यांच्या दिशेने फेकतो.

त्यांचा हात आता या कामाचा राहिलेला नाही. बापाच्या शेतावर शिकलेलं सगळं खडूने पुसून टाकलंय. ओळ वाकडी जाते, रोपं कुठे दाट, कुठे विरळ. रामी बांधावरून बघत असते.

"गुरजी, मुळी वर राहली," ती ओरडते. "दाब तिला. अंगठ्यानं. आणखीन."

ते वाकतात आणि दाबतात.